साहेबाचा जाच तोंडी असतो, तो कागदावर कसा आणायचा?

वाळूजचं प्रेस शॉप असो, जालन्याची रोलिंग मिल, लातूरची डाळ मिल नाहीतर परभणीतला एखादा खासगी दवाखाना, वरिष्ठाचा जाच एका बाबतीत सगळीकडे सारखा असतो. तो तोंडी असतो. शिवी तोंडी, 'उद्यापासून येऊ नको' तोंडी, 'राजीनामा लिहून दे' हेही तोंडीच. कंपनीकडून मात्र जे येतं ते लेखी येतं: मेमो, गैरहजेरीची नोटीस, आरोपपत्र. सहा महिन्यांनी कामगार अधिकाऱ्यासमोर दोघं बसतात तेव्हा एकाच्या हातात फाईल असते आणि दुसऱ्याकडे सांगण्यासारखं खूप काही असतं, पण दाखवण्यासारखं काहीच नसतं. ही कसर पहिल्या पंधरा दिवसांतच भरून काढावी लागते.

आधी जाच कोणता ते ओळखा

टार्गेटसाठी मागे लागणं, उशीर झाला म्हणून बोलणं, रजा एकदा नाकारणं याला छळ म्हणता येत नाही, मग साहेब कितीही खडूस असो. त्याच चुकीसाठी इतरांना सोडून तुम्हालाच बोललं जातंय, लघवीला जायलाही अडवलं जातंय, घरच्यांवरून शिव्या पडताहेत, ओटी (ओव्हरटाइम) करूनही हजेरीत लागत नाही, असं ठरवून आणि पुन्हा पुन्हा होत असेल तर तो छळ.

नुसत्या मानसिक छळासाठी, ज्याला 'बुलिंग' म्हणतात त्यासाठी, आपल्याकडे वेगळा असा कायदा नाही. त्यामुळे घडलेली गोष्ट कोणत्या चौकटीत बसते ते पाहूनच दार ठोठवावं लागतं. बाईशी लैंगिक स्वरूपाचं वर्तन झालं तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आहे. जातीवरून अपमान झाला तर अनुसूचित जाती-जमातींसाठीचा 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. मारहाण, धमकी, कोंडून ठेवणं यासाठी पोलीस. पगार, ओटी, बदली, कामावरून काढणं यासाठी कामगार कार्यालय आणि न्यायालय. एकाच घटनेला दोन दारं लागू शकतात आणि दोन्हीकडे एकाच वेळी जाता येतं. 'आधी कंपनीच्या चौकशी समितीचं होऊ द्या, मग पोलिसांकडे जा' असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे.

वही

पहिल्या दिवसापासून एक शंभर पानी, शिवलेली वही ठेवा. सुटी पानं नकोत, स्पायरलची नको, कारण पान फाडलं की कळत नाही. वही घरी ठेवायची. लॉकरमधली वही कंपनीच्या ताब्यात असते. पाळी संपून घरी आलात की त्याच दिवशी लिहा. आठवड्याचं एकदम लिहिलं की एकच पेन, एकच शाई आणि सारखं अक्षर दिसतं आणि समोरचा वकील नेमकं तेच दाखवतो.

नोंद अशी असावी:

'मंगळवार, 10 मार्च 2026. पहिली पाळी. स. 9.40, प्रेस शॉप, 3 नंबर मशीन. डायची सेटिंग बदलत होतो. सुपरवायझर आले, आईवरून शिवी दिली (शब्द: ...). म्हणाले, तुझ्यासारखे छप्पन गेटवर उभे आहेत, उद्यापासून येऊ नको. शेजारच्या मशीनवर दोन ऑपरेटर होते (नावं: ...). 10.15 ला एचआरला सांगितलं. बघू म्हणाले. दुपारी 3.30 ला पंच करून बाहेर.'

यात 'त्यांनी माझा घोर अपमान केला' हे वाक्य कुठेच नाही. शिवीचे शब्द जसेच्या तसे लिहिताना लाज वाटते, म्हणून बहुतेक जण 'अर्वाच्य भाषा वापरली' एवढंच लिहितात आणि तिथेच हरतात. चौकशी करणाऱ्याला अर्वाच्य म्हणजे काय ते कळत नाही आणि साहेब सांगून मोकळा होतो की मी फक्त आवाज चढवला.

साक्षीदाराची सही मागत फिरू नका. मागितली की तो घाबरतो आणि दुसऱ्या दिवसापासून तुमच्याजवळ उभाही राहत नाही. नोंदीत त्याचं नाव असलं की पुरे. लैंगिक छळाच्या प्रकरणातल्या चौकशी समितीला साक्षीदार बोलावण्यासाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. आपण होऊन पुढे येणं आणि समितीने बोलावल्यावर जाणं यात माणसाला फार मोठा फरक वाटतो.

मोबाइल आणि कॅमेरा

व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुसू नका, रागाच्या भरात तर अजिबात नको. मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सेटिंग बंद करा. स्क्रीनशॉटमध्ये समोरच्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. नुसतं 'साहेब प्रेस शॉप' या नावाने सेव्ह केलेला स्क्रीनशॉट पुरेसा नाही. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून स्वतःलाच ईमेल करा. ज्या फोनमध्ये मूळ मेसेज किंवा रेकॉर्डिंग आहे तो विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे असा पुरावा न्यायालयात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं होतं.

तुम्ही स्वतः ज्या बोलण्यात आहात त्याचं रेकॉर्डिंग कामी येतं. पण बऱ्याच कारखान्यांत शॉप फ्लोअरवर फोन नेण्यालाच मनाई असते. तिथे चोरून फोन नेला तर शिवीची चौकशी बाजूला राहते आणि तुमच्यावरच शिस्तभंगाचा आरोप लागतो. तिथे वहीवरच भिस्त ठेवा. फोनवर आलेल्या धमकीचं रेकॉर्डिंग मात्र जरूर करा.

सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, कारण जुन्यावर नवं चढतं. म्हणून घटनेनंतर दोन दिवसांत लेखी मागा: 'अमुक तारखेचे, सकाळी 9.30 ते 10 चे, प्रेस शॉपमधील फुटेज जतन करावे.' फुटेज तुमच्या हातात देणार नाहीत. पण मागणी वेळेत केली असेल आणि नंतर फुटेज 'सापडत नसेल' तर उत्तर त्यांना द्यावं लागतं.

अंगावर मार असेल तर त्याच दिवशी ईएसआय (कामगार विमा) किंवा सरकारी दवाखान्यात दाखवा आणि केसपेपरवर 'कामाच्या ठिकाणी मारहाण' असं लिहायला सांगा. 'पडलो' असं सांगून घेतलेला केसपेपर नंतर तुमच्याच विरोधात जातो.

पहिला अर्ज

एक पान. जास्त नाही. गेल्या चार वर्षांतली सगळी गाऱ्हाणी एकाच अर्जात घातली की मुख्य गोष्ट बुडते. एक किंवा दोन घटना घ्या, तारखेसह. अर्जाचा गाभा असा:

'मी प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर आहे, टोकन क्र. ... दि. 10 मार्च 2026 रोजी सकाळी 9.40 वाजता 3 नंबर मशीनवर सुपरवायझर श्री. ... यांनी मला पुढील शब्दांत शिवीगाळ केली: "..." त्या वेळी श्री. ... व श्री. ... हजर होते. यापूर्वी 24 फेब्रुवारी रोजीही असाच प्रकार घडला आहे. माझी विनंती: 1) या घटनेची चौकशी करून मला लेखी कळवावे. 2) चौकशी होईपर्यंत माझी लाइन किंवा पाळी बदलावी, पगारात कपात न करता. 3) सदर वेळेचे सीसीटीव्ही फुटेज जतन करावे.'

'योग्य ती कारवाई व्हावी ही नम्र विनंती' एवढंच लिहून थांबू नका. योग्य ती म्हणजे कोणती हे तुम्हीच सांगायचं असतं. आणखी एक वाक्य आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक अर्जात असतं: 'माझे काही बरेवाईट झाल्यास सर्वस्वी कंपनी जबाबदार राहील.' ते काढा. त्यावरून 'याची मानसिक स्थिती ठीक नाही' असं म्हणायला कंपनीला निमित्त मिळतं. असे विचार खरोखरच मनात येत असतील तर अर्जात लिहू नका, 14416 वर बोला. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक द्या, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. ती देत नसतील तर वाद घालू नका. तसंच परत या, अर्ज ईमेल करा आणि पोस्टाने पाठवा. 2025 मध्ये जुनी रजिस्टर्ड सेवा स्पीड पोस्टमध्येच विलीन झाली आहे, म्हणून काउंटरवर स्पीड पोस्टची नोंदणी आणि पोच मागा. पावतीचा फोटो काढून ठेवा. ती शाई दोन-चार महिन्यांत उडते.

लैंगिक छळ असेल तर

2013 च्या कायद्यात स्पर्श, लैंगिक मागणी, अश्लील शेरे, अश्लील चित्र दाखवणं हे सगळं येतं. 'ऐकलंस तर परमनंट करतो, नाहीतर ब्रेक देतो' हेही येतं. कायमस्वरूपी, कंत्राटी, रोजंदारी, ट्रेनी, घरकाम करणारी, सगळ्या बायकांना तो लागू आहे. ठेकेदाराकडची बाई मूळ कंपनीच्या समितीकडे जाऊ शकते. 'तू आमची नाहीस, ठेकेदाराची आहेस' हे उत्तर चालत नाही. पुरुषाला मात्र या कायद्याने तक्रार करता येत नाही.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, निम्म्या तरी बायका आणि एक बाहेरची सदस्य. समिती नेमली नाही तर मालकाला 50 हजार रुपयांपर्यंत दंड आहे. समितीच्या सदस्यांची नावं दर्शनी भागात लावलेली नसतील तर तेही लिहून मागा.

मुदत तीन महिन्यांची. घटना एकाहून जास्त असतील तर शेवटच्या घटनेपासून मोजायची. शेवटची घटना 10 मार्चची असेल तर 10 जूनच्या आत अर्ज हवा. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण त्या भरवशावर राहू नका. तक्रार सहा प्रतींत द्यायची, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचंच काम आहे.

पुढचा क्रम ठरलेला आहे. सात कामाच्या दिवसांत प्रत समोरच्याला जाते, दहा कामाच्या दिवसांत त्याचं उत्तर येतं. चौकशी 90 दिवसांत पूर्ण व्हायला हवी, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत, त्यावर मालकाने 60 दिवसांत अंमल करायचा. समितीसमोर वकील कुणालाच आणता येत नाही, साहेबालाही नाही. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हवेत. दोघांनीच जबाब घेतला तर तिथेच लेखी हरकत नोंदवा.

चौकशी चालू असताना बदली मागता येते, तुमची किंवा त्याची. हक्काच्या रजेखेरीज तीन महिन्यांपर्यंत रजाही मागता येते. ती लेखी मागितली तरच मिळते. ही तरतूद वापरली जात नाही ती बहुतेक माहीतच नसते म्हणून.

'घरापर्यंत जाईल, मिटवून घे' असं हमखास ऐकवलं जातं. साहेब आणि बाई एकाच तालुक्यातले असले की जास्तच. समेट फक्त बाईने स्वतः मागितला तरच होतो आणि पैसे देऊन-घेऊन समेट करायला कायद्याने मनाई आहे. तक्रारीतली नावं आणि चौकशीतली माहिती बाहेर फोडण्यालाही मनाई आहे. आणि 'सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच केस' ही निव्वळ भीती आहे. पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. जाणूनबुजून खोटी केल्याचं वेगळं सिद्ध व्हावं लागतं.

दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे मिळतो. तालुक्यातल्या समन्वय अधिकाऱ्याकडे दिलेली तक्रार त्याने सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. बीड-धाराशिवकडच्या ऊसतोड बायकांनाही हेच दार आहे. फडावर मुकादम हाच साहेब असतो, उचल घेतलेली असते आणि टोळी दिवाळीनंतर गाव सोडून गेलेली असते, म्हणून तीन महिन्यांचा हिशोब तिथे सगळ्यात लवकर चुकतो.

पोलिसांकडे जाताना

बाईशी लैंगिक वर्तन (भारतीय न्याय संहिता, कलम 75), अंगावर हात टाकणं (कलम 74), पाठलाग (कलम 78) या गोष्टींत एफआयआर होतो. साध्या शिवीगाळीवर बहुधा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) मिळते. नाराज होऊन ती न घेता परत येऊ नका, तो तारखेचा सरकारी कागद आहे. एफआयआर घेत नसतील तर तीच फिर्याद लेखी, पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. छत्रपती संभाजीनगर शहराच्या हद्दीत असाल तर पोलीस आयुक्तांना.

जातीवाचक शिवी किंवा अपमान असेल तर इतर लोकांच्या देखत घडलं हे फिर्यादीत आलंच पाहिजे. केबिनमध्ये दोघंच असताना बोललं गेलं असेल तर ते कलम टिकवणं अवघड जातं. त्यामुळे कोण कोण हजर होतं आणि कोणी ऐकलं हे आधी लिहा. या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो.

बाकीच्या जाचासाठी

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्याप्रमाणे 20 किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी, मालक आणि कामगार यांचे सारखे सदस्य, जास्तीत जास्त दहा. अर्ज घटनेपासून एक वर्षाच्या आत. निकाल पटला नाही तर युनियनमार्फत 60 दिवसांत समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं. ओटी तुमच्या संमतीनेच आणि दुप्पट दराने. नियुक्तिपत्र प्रत्येकाला. ते मिळालं नसेल तर आधी तेच लेखी मागा, कारण तुम्ही नक्की कुणाचे कामगार आहात, कंपनीचे की ठेकेदाराचे, हा वाद पुढे निघतोच.

सूडाने कामावरून काढणं, आकसाने बदली करणं या महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात अनुचित प्रथा आहेत आणि तिथे तक्रारीची मुदत 90 दिवसांची आहे. म्हणून वकिलाला पहिल्या महिन्यातच भेटा. फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. सगळ्या स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना तिथे वकील फुकट मिळतो. फोन 15100.

पुढाऱ्याला घेऊन गेटवर जायची आपल्याकडे पद्धत आहे. अर्ध्या तासात चहा येतो, साहेब हात जोडतो, सगळं तोंडी मिटतं. पंधरा दिवसांनी तुमची रात्रपाळी लागते आणि भाऊ फोन उचलत नाहीत. न्यायचंच असेल तर जे ठरलं ते त्याच टेबलावर दोन ओळींत लिहून घ्या.

पलटवार आला की

अर्जानंतर मेमो येतो, बहुतेक वेळा आठवड्यातच. घ्यायला नकार देऊ नका. नकार दिला की दोघांच्या सह्या घेऊन 'स्वीकारण्यास नकार' असा शेरा मारतात आणि नोटीस बोर्डावर लावतात. घ्या आणि पोचवर लिहा: 'प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही', तारीख आणि वेळ. मेमोवर मागची तारीख असेल तर ही वेळच कामी येते. उत्तर मुदतीत द्या, मुद्द्याला मुद्दा.

गेटवर अडवलं तर घरी जाऊन झोपू नका. त्याच मिनिटाला एचआरला मेसेज करा: 'आज 6.50 वाजता पहिल्या पाळीसाठी गेटवर हजर होतो. आत घेतले नाही. मी कामावर यायला तयार आहे.' निदान आठवडाभर रोज पाळीच्या वेळेला जा आणि रोज असा मेसेज करा, पहिल्या दिवशी स्पीड पोस्टही टाका. नाहीतर आठ-दहा दिवसांनी 'न कळवता गैरहजर, स्वतःहून काम सोडले' असं पत्र येतं आणि काढलं की सोडलं हा वाद वर्षानुवर्षं चालतो.

कोऱ्या कागदावर सही करू नका. केबिनमध्ये कोंडून राजीनामा लिहून घेतला असेल तर त्याच दिवशी ईमेल करा: 'आज 4 ते 5.15 या वेळेत बसवून ठेवून राजीनामा लिहून घेतला. तो माझ्या मर्जीने नाही, मी तो मागे घेतो.' दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे कामावर हजर व्हा. तीन आठवड्यांनी लिहिलेल्या अशा पत्राला फारशी किंमत राहत नाही.

सोडायचंच ठरलं तर

कधी कधी तेच शहाणपणाचं असतं. दुसरी नोकरी हातात आल्यावर राजीनामा द्या, आणि त्यात 'वैयक्तिक कारणास्तव' लिहू नका. ते दोन शब्द पुढच्या प्रत्येक तक्रारीची हवा काढतात. 'दि. 10 मार्चच्या तक्रारीवर कार्यवाही न झाल्याने' असं लिहा. वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतरही राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. 'माझे काहीही येणे नाही, कोणतीही तक्रार नाही' अशा छापील कागदावर पैसे खात्यात आल्याशिवाय सही करू नका, आणि करताना 'तक्रार प्रलंबित आहे' हे हाताने लिहा. महिन्याभराने यूएएनवर (तुमच्या पीएफ क्रमांकाच्या खात्यावर) जाऊन नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण काय टाकलंय ते पाहा. चुकीचं असेल तर कंपनीला आणि पीएफ कार्यालयाला एकाच दिवशी लिहा.